किमान दोघे

परगावी नोकरीस असलेल्या मराठी माणसाला आपल्या गावाची आठवण केव्हा होते, असे कुणी विचारले तर बहुतेक जण गणेशोत्सवाचे, दिवाळीच्या फराळाचे किंवा मुलांच्या मराठीचे नाव घेतील. प्रस्तुत लेखकाला ही आठवण प्रथम तीव्रतेने झाली ती एका अंत्ययात्रेत.

बदली होऊन गंगाकाठच्या शहरात येऊन मला जेमतेम दोन महिने झाले होते. ज्येष्ठाचे ऊन होते. एका रविवारी सकाळी मंडळाच्या चिटणिसांचा दूरध्वनी आला. "अहो, मोकळे आहात का? आपले एक सुभेदारसाहेब रात्री गेले. मुलगा परवापर्यंत पोचत नाही आणि या उन्हात थांबता येणार नाही. काकू एकट्याच आहेत. खांद्याला माणूस कमी पडतो आहे." सुभेदारसाहेबांना मी कधी पाहिलेही नव्हते. तेथे गेलो तेव्हा चिटणीस, शेजारचे एक बंगाली शिक्षक आणि दूध घालणारा गवळी असे तिघे उभे होते. चौथा मी झालो. घाटावर लाकडे मोजून देणाऱ्याने सहज विचारले, "आप इनके कौन लगते हैं?" मला उत्तर सुचेना. चिटणीसच म्हणाले, "गाँव के हैं." वस्तुतः सुभेदारसाहेबांचे गाव आणि माझे गाव यांच्यामध्ये दोन जिल्हे होते.

त्या दिवसापासून तो प्रश्न मनात राहिला. इतिहास हा माझा पदवीचा विषय, आणि पोटाचा उद्योग म्हणाल तर सरकारी कागद. माजी सैनिकांच्या आणि त्यांच्या पश्चात कुटुंबाला मिळणाऱ्या निवृत्तिवेतनाची प्रकरणे माझ्या मेजावरून जातात. तेथे सैनिकाचा मृत्यू एका दाखल्याच्या रूपाने येतो. त्यावर तारीख पडते, एक रक्कम बंद होते आणि दुसरी सुरू होते. यात कुणाचा दोष नाही. कार्यालयाने दुःख करावे अशी अपेक्षा कुणी ठेवीत नाही. रक्कम वेळेवर सुरू झाली म्हणजे कार्यालयाचा धर्म पुरा झाला. परंतु कागदाच्या पलीकडे त्या माणसाला निरोप देण्याचे काम कुणाचे, हे तेवढ्याने ठरत नाही. अन्य देशांनी याचे काय केले आहे हे पाहण्यासाठी मी तेथील नियम वाचू लागलो, आणि वाचता वाचता अमेरिकेतील मोटारसायकलस्वारांनी अलीकडे पाडलेल्या एका विलक्षण प्रथेपाशी येऊन थांबलो. तिची हकीगत सांगणे हाच या लेखाचा हेतू आहे.

प्रथम नियम पाहू. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्यदलांत सुमारे १ कोटी ६० लाख लोकांनी नोकरी केली. ही पिढी विसाव्या शतकाच्या अखेरीस मावळू लागली. त्या सुमारास तिच्यातील हजारांवर माणसे रोज मरण पावत होती. दुर्दैवाने हाच काळ सैन्यकपातीचाही होता. शीतयुद्ध संपले होते, अनेक तळ बंद झाले होते, आणि मृत सैनिकाच्या शवपेटीशी गणवेशात उभे राहण्यास माणसे पुरत नव्हती. माजी सैनिकांच्या संघटनांनी ओरड केल्यावर तेथील काँग्रेसने १९९९ मध्ये कायदा केला आणि तो १ जानेवारी २००० पासून अमलात आला. त्याअन्वये सन्मानाने नोकरी केलेल्या प्रत्येक माजी सैनिकाच्या कुटुंबाने मागणी केल्यास अंत्यविधीस लष्करी मानवंदना देणे सरकारवर बंधनकारक झाले. या मानवंदनेचे स्वरूपही कायद्याने सांगितले आहे. गणवेशातील किमान दोन व्यक्ती हजर असाव्यात. त्यांतील एक तरी मृताच्या स्वतःच्या दलातील असावी. शवपेटीवरील राष्ट्रध्वजाची त्रिकोणी घडी घालून तो कुटुंबाच्या हाती द्यावा, आणि बिगुलावर 'टॅप्स' वाजवावे.

या 'टॅप्स'चा पूर्वेतिहास मनोवेधक आहे. अवघ्या चोवीस स्वरांची ही धून १८६२ मध्ये अमेरिकन यादवी युद्धाच्या धामधुमीत व्हर्जिनियातील एका छावणीत तयार झाली. जनरल डॅनियल बटरफील्ड याने आपल्या बिगूलवाल्याकडून ती बसवून घेतली. हेतू एवढाच होता की, दिवे मालवून झोपण्याची सूचना जरा गोड सुरात मिळावी. पुढे एका तोफखान्याच्या अधिकाऱ्याला आपल्या मृत शिपायाचा दफनविधी करावयाचा होता. रिवाजाप्रमाणे बंदुकीच्या तीन फैरी झाडल्या असत्या तर जवळच असलेल्या शत्रूला हल्ला झालासे वाटले असते. म्हणून त्याने फैरींऐवजी हीच धून वाजविण्याचा हुकूम दिला, असे सांगतात. झोपण्याची सूचना अशी चिरनिद्रेची झाली.

परंतु चोवीस स्वर वाजविणारी माणसे तरी कोठून आणावयाची? कायद्यानेच ध्वनिमुद्रिकेची मुभा दिली होती. २००३ मध्ये तर तेथील संरक्षण खात्याने एका नव्या बिगुलास मान्यता दिली. त्याच्या तोंडात एक लहानसे विजेचे यंत्र बसविलेले असते. सैनिक कळ दाबतो, बिगूल ओठांशी धरून निश्चल उभा राहतो, आणि आतले यंत्र धून वाजविते. दूर उभ्या असलेल्या माणसाला फरक कळत नाही. ही गोष्ट वाचून हसू येते, आणि लगेच हसणे आवरावेसेही वाटते. कारण त्या तरुण सैनिकाला खोटेपणा करावयाचा नसतो. मृताला उणे पडू नये एवढीच त्याची धडपड असते. २००० मध्येच 'ब्यूगल्स अक्रॉस अमेरिका' नावाची एक स्वयंसेवी संस्था निघाली होती. खरा बिगूल वाजवू शकणारी माणसे आपण होऊन अंत्यविधीला जाऊन हे काम करू लागली. सरकारी नियमाच्या शेजारी नागरिकांची सेवा उभी राहते, तिचे हे एक उदाहरण.

सरकारी कारकुनाची नजर त्या कायद्यातील 'किमान' या शब्दावर अडखळल्याशिवाय राहत नाही. नियम करणाऱ्याला खालची मर्यादाच आखता येते. दोघांपेक्षा कमी नकोत, एवढे तो सांगू शकतो. तिसरा का यावा आणि तिनशेवा का यावा, हे कोणत्याही कलमात लिहिता येत नाही. त्या मर्यादेच्या वर जे घडले, ते घडविणाऱ्यांत पुढे उभे होते मोटारसायकलस्वार. आणि गंमत अशी की, हा वर्ग तेथील शिष्ट समाजात फारसा प्रतिष्ठित मानला जात नव्हता.

अमेरिकेतील मोटारसायकल आणि तेथील सैनिक यांचे नाते जुने आहे. दुसऱ्या महायुद्धात हार्ले-डेव्हिडसन कंपनीने सैन्यासाठी नव्वद हजारांच्या आसपास मोटारसायकली बनविल्या. युद्ध संपल्यावर त्यांतील पुष्कळशा स्वस्तात विकल्या गेल्या, आणि त्या घेणाऱ्यांत घरी परतलेले शिपाई बरेच होते. युद्धातील सोबत्यांची जवळीक मागे राहिलेली, घरच्या संथ दिनक्रमात मन रमत नाही, अशा स्थितीत या तरुणांनी मोटारसायकलींचे संघ काढले. १९४७ च्या जुलैमध्ये कॅलिफोर्नियातील हॉलिस्टर या लहानशा गावी अशा स्वारांचा मेळा भरला असता दारू आणि दांडगाई यांमुळे गोंधळ झाला. वृत्तपत्रांनी तो आणखी फुगविला. १९५३ मध्ये मार्लन ब्रँडोची भूमिका असलेला 'द वाइल्ड वन' हा चित्रपट आला, आणि चामड्याचे जाकीट घातलेला मोटारसायकलस्वार म्हणजे गुंड, हे समीकरण जनमानसात पक्के झाले. काही टोळ्यांनी ते आपल्या कृत्यांनी खरेही करून दाखविले. तथापि त्या जाकिटांच्या आत माजी सैनिक मोठ्या संख्येने होते, ही गोष्ट त्यामुळे झाकली गेली.

त्यानंतर व्हिएतनामचे युद्ध आले. त्यात ५८ हजारांवर अमेरिकन सैनिक मृत्युमुखी पडले. जे परतले त्यांना देशाने मिरवणूक काढून घरी आणले नाही. युद्ध नकोसे झालेल्या समाजाला युद्धावरून आलेला माणूसही नजरेसमोर नकोसा झाला. ते बिचारे एकेकटे विमानाने आले, गणवेश उतरविला आणि गप्प राहिले. वॉशिंग्टन येथे मृतांची नावे कोरलेली काळ्या दगडाची भिंत उभी राहिली ती १९८२ च्या नोव्हेंबरात, म्हणजे सायगाव पडल्यावर साडेसात वर्षांनी. पुढे १९८८ च्या मे महिन्यात युद्धकैद्यांचा आणि बेपत्ता सैनिकांचा शोध लावावा या मागणीसाठी सुमारे अडीच हजार मोटारसायकलस्वार राजधानीत शिरले. व्हिएतनामवरील एका बॉम्बवर्षाव-मोहिमेचे 'रोलिंग थंडर' हे नाव त्यांनी आपल्या फेरीस दिले. ती फेरी दरवर्षी वाढत गेली आणि त्या संस्थेच्या वतीने राजधानीत २०१९ पर्यंत निघत राहिली. १९९३ मध्ये मिशिगन राज्यातील गार्डन सिटी येथे 'अमेरिकन लीजन' या माजी सैनिकांच्या जुन्या संघटनेतील स्वारांनी आपली वेगळी शाखा काढली. गर्जना करणाऱ्या यंत्रावर बसलेला, पांढऱ्या दाढीचा, छातीवर पलटणीची चिन्हे शिवलेला माजी सैनिक हे दृश्य एव्हाना अमेरिकन माणसाच्या ओळखीचे झाले होते.

आता या हकीगतीचा मुख्य प्रसंग येतो. कॅन्सस राज्यातील टोपेका शहरी 'वेस्टबरो बॅप्टिस्ट चर्च' या नावाचा एक छोटासा पंथ आहे. त्याचा संस्थापक फ्रेड फेल्प्स हा एके काळचा वकील. १९७९ मध्ये त्या राज्याने त्याची सनद काढून घेतली होती. अनुयायी बहुतांशी त्याच्याच कुटुंबातले. अमेरिका समलिंगी व्यक्तींना सहन करते म्हणून ईश्वर तिच्यावर कोपला आहे आणि रणांगणावर मरणारे सैनिक हे त्या कोपाचेच फळ होय, असे या लोकांचे म्हणणे. इराकचे युद्ध चालू असता २००५ पासून ही मंडळी सैनिकांच्या अंत्यविधीच्या स्थळी जाऊन निदर्शने करू लागली. मेलेल्या सैनिकाबद्दल ईश्वराचे आभार मानणारे फलक त्यांच्या हाती असत. रावणाच्या मृत्यूनंतर, वैर मरणाबरोबर संपते, आता याचे संस्कार कर, असे रामाने बिभीषणास सांगितल्याची कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो. येथे तर मृत सैनिकाशी यांचे वैरही नव्हते. त्याचे मरण हे त्यांना केवळ एक व्यासपीठ होते.

त्याच कॅन्सस राज्यात मलवेन नावाचे एक छोटे गाव आहे. तेथील अमेरिकन लीजनच्या मोटारसायकलस्वारांनी २००५ मध्ये याला उत्तर देण्याचे ठरविले. त्यांनी मृताच्या कुटुंबाची परवानगी घेतली, अंत्यविधीच्या स्थळी जाऊन निदर्शक आणि शोकाकुल मंडळी यांच्यामध्ये मोठमोठे राष्ट्रध्वज हाती घेऊन रांग धरली. निदर्शकांकडे त्यांनी पाठ केली. घोषणा कानी पडू नयेत म्हणून कधी गाणी म्हटली, कधी इंजिने घरघरविली. मारामारी केली नाही, उलट शब्द बोलले नाहीत. काही महिन्यांतच ही कल्पना देशभर पसरली आणि 'पॅट्रियट गार्ड रायडर्स' या नावाची संघटना उभी राहिली. ज्या वर्गाच्या नावावर हॉलिस्टरचा दंगा लिहिला गेला होता, त्याच वर्गाने अंत्यविधीतील शांतता राखण्याचे काम अंगावर घेतले.

तिची कार्यपद्धती सांगण्यासारखी आहे. कुटुंबाने बोलाविल्याखेरीज जावयाचे नाही, हा पहिला नियम. सदस्य होण्यासाठी सैनिक असावे लागत नाही. इतकेच काय, मोटारसायकलही असावी लागत नाही. मृताविषयी आदर असला म्हणजे पुरे. निरोप आल्यावर परिसरातले स्वार ठरलेल्या जागी जमतात. त्यांचा एक नायक असतो. तो मार्ग, वेळ आणि शिस्त समजावून सांगतो. मागील चाकाशेजारी उभारलेल्या काठ्यांवर ध्वज चढतात. मग शववाहिनीच्या पुढे-मागे दोन-दोनांच्या रांगेत, अंतर राखून, संथ गतीने मोटारसायकली चालतात. प्रार्थनामंदिराशी पोचल्यावर स्वार उतरतात आणि दारापासून रस्त्यापर्यंत हातात ध्वज घेऊन दुतर्फा उभे राहतात. तेथे कुणी बोलत नाही. ऊन असो, बर्फ असो, शवपेटी आत जाईपर्यंत आणि बाहेर येईपर्यंत ते तसेच उभे असतात. विधी संपला म्हणजे ध्वज गुंडाळून आपापल्या घरी जातात. पेट्रोलचा खर्च ज्याचा त्याने सोसावयाचा.

मोठ्या सेनाधिकाऱ्याच्या अंत्ययात्रेत स्वाराविना घोडा चालविण्याची प्रथा तेथे आहे. रिकिबीत बूट उलटे अडकविलेले असतात. १८६५ मध्ये लिंकनच्या आणि १९६३ मध्ये केनेडीच्या अंत्ययात्रेत असा घोडा होता. सैन्यात तो मान कर्नल आणि त्यावरच्या अधिकाऱ्यांचा. साध्या शिपायाच्या वाट्याला तो येत नाही. मोटारसायकलस्वारांनी जणू आपले लोखंडी घोडे आणून ही उणीव भरून काढली. येथे हुद्दा विचारला जात नाही.

या प्रकरणाला कायद्याची दुसरी बाजूही आहे. २९ मे २००६ रोजी अमेरिकेत एक कायदा झाला. राष्ट्रीय दफनभूमीच्या प्रवेशद्वारापासून ३०० फुटांच्या आत, अंत्यविधीच्या आधी एक तास आणि नंतर एक तास, निदर्शनास बंदी करण्यात आली. पुढे ऑगस्ट २०१२ मध्ये हा काळ दोन-दोन तासांचा करण्यात आला. चव्वेचाळीस राज्यांनीही आपापले निर्बंध घातले. परंतु मूळ प्रश्न न्यायालयात गेला तो वेगळ्याच मार्गाने. मार्च २००६ मध्ये इराकमध्ये मृत्यू पावलेल्या एका तरुण मरीन सैनिकाचा अंत्यविधी मेरीलँड राज्यातील वेस्टमिन्स्टर येथे झाला. सात निदर्शक सुमारे हजार फुटांवर, पोलिसांनी नेमून दिलेल्या जागी उभे होते. अंत्ययात्रेतून जाताना पित्याला फलकांची वरची टोके तेवढी दिसली. त्यांवर काय लिहिले होते ते त्याने रात्री दूरचित्रवाणीवर पाहिले. त्याने दावा लावला. ज्यूरीने २००७ मध्ये १ कोटी ९ लाख डॉलरची भरपाई दिली. न्यायाधीशाने ती ५० लाखांवर आणली. अपील न्यायालयाने सारा निवाडाच रद्द केला, आणि वर त्या पित्यावरच प्रतिपक्षाच्या खर्चाचे १६ हजारांहून अधिक डॉलर बसविले. अखेर २ मार्च २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने 'स्नायडर विरुद्ध फेल्प्स' या खटल्यात आठ विरुद्ध एक मतांनी निदर्शकांच्या बाजूने कौल दिला. सार्वजनिक प्रश्नावरील बोलणे कितीही जिव्हारी लागणारे असले तरी घटनेने त्यास संरक्षण दिले आहे, असा सरन्यायाधीश रॉबर्ट्स यांच्या निकालपत्राचा आशय. एकट्या न्यायमूर्ती ॲलिटो यांचे म्हणणे असे की, देशात मुक्त चर्चा व्हावी म्हणून शोकात बुडालेल्या खासगी माणसावर शब्दांचे घाव घालण्याचा परवाना द्यावा लागत नाही.

निकाल वाचून प्रथम मन संतापते. दुसऱ्यांदा वाचताना मात्र न्यायालयाची अडचण ध्यानी येते. आज एका फलकावर बंदी घालणारे सरकार उद्या दुसऱ्यावर घालील, ही भीती निराधार नाही. कायद्याला फुटांची आणि तासांची मर्यादा घालता येते, ती त्याने घातली. त्या पलीकडे निर्दय माणसाचे तोंड बंद करणे त्याच्या हाती नाही, आणि असावे असेही म्हणवत नाही. मग शोकाकुल आईने काय करावे? या ठिकाणी मलवेनच्या स्वारांनी काढलेली युक्ती मला फार मोलाची वाटते. त्यांनी निदर्शकांचे स्वातंत्र्य हिरावले नाही. ते नुसते मध्ये उभे राहिले. फलक होते तेथेच राहिले. आईच्या आणि फलकाच्या मध्ये मात्र माणसे आली. जे न्यायालयाला करता आले नाही ते शेजारधर्माने केले.

काळाच्या ओघात या प्रथेचे रूप पालटले. निदर्शनांचा जोर ओसरला, मार्च २०१४ मध्ये फेल्प्सही वारला. ज्या कारणाने स्वार जमले ते कारण क्षीण झाले, तरी ते घरी बसले नाहीत. तरुण सैनिकांबरोबरच ते वयोवृद्ध माजी सैनिकांच्या अंत्ययात्रांनाही जाऊ लागले. कुणी नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरलेला, कुणी कोरियाच्या थंडीत पाय गमावलेला, आणि आता एखाद्या वृद्धाश्रमात नव्वदी गाठून मेलेला. काहींना मुलेबाळे नसतात. स्थानिक वर्तमानपत्रात वार्ता येते की, अमक्या दिवशी एका माजी सैनिकाचे दफन आहे आणि येण्यासारखे आप्त कुणी नाहीत. आणि ठरल्या वेळी अनोळखी लोकांची रीघ लागते. 'मिसिंग इन अमेरिका प्रोजेक्ट' या नावाची दुसरी एक चळवळ याच काळात सुरू झाली. अंत्यविधीची व्यवस्था करणाऱ्या दुकानांच्या फळ्यांवर वर्षानुवर्षे कुणी न नेलेल्या रक्षेचे डबे पडून असतात. त्यांतील नावे सैन्याच्या जुन्या नोंदींशी ताडून पाहावयाची आणि माजी सैनिक ठरतील त्यांची रक्षा सन्मानाने राष्ट्रीय दफनभूमीत पोचवावयाची, हे तिचे काम. अशा काही हजार जणांना त्यांची जागा मिळाली आहे, आणि त्यांच्या या शेवटच्या प्रवासाला मोटारसायकलस्वारांची सोबत असते. नोंदी ताडून पाहण्याचे हे काम वाचताना माझ्यासारख्या कागद हाताळणाऱ्याची मान किंचित ताठ होते, हे कबूल केले पाहिजे.

या प्रथेवर आक्षेप नाहीत असे नाही. एवढे ध्वज, एवढी यंत्रे, यात शोकापेक्षा प्रदर्शन अधिक आहे, असे काही जण म्हणतात. मृताला मान देता देता ज्या युद्धात तो मेला त्या युद्धालाही मान दिला जातो आणि युद्ध योग्य होते काय हा प्रश्न बाजूला पडतो, हा दुसरा आक्षेप. तो हलका नाही. तिसरा आक्षेप मला स्वतःला सुचतो. आयुष्यभर शाळा झाडणारा किंवा रुग्णालयात शुश्रूषा करणारा एकाकी माणूस मेला तर त्याच्यासाठी कोण रांग धरतो? या प्रश्नांना पुरेसे उत्तर स्वारांजवळ आहे असे मी म्हणणार नाही. परंतु कुटुंबाने बोलाविल्यावाचून जावयाचे नाही, या त्यांच्या नियमात पहिल्या आक्षेपाचे बरेचसे उत्तर आहे. आणि दुसऱ्याविषयी एक गोष्ट विसरता येत नाही. या रांगांत व्हिएतनामहून परतलेले पुष्कळ जण होते. त्या वेळी समाजाने युद्धाचा राग युद्धावरून आलेल्या पोरांवर काढला. आपल्याला जे मिळाले नाही ते पुढच्यांना मिळावे, एवढाच त्यांचा हट्ट होता. न मिळालेल्याचा सूड घेणारी माणसे इतिहासात पानोपानी भेटतात. न मिळालेले दुसऱ्याला देणारी तितकी भेटत नाहीत.

आपल्याकडे काय दिसते? १९९९ च्या कारगिल युद्धात आपले ५२७ सैनिक धारातीर्थी पडले. त्याआधीच्या युद्धांत बहुतेकांना रणभूमीच्या आसपासच अग्नी दिला जाई आणि घरी तार व चार वस्तू येत. कारगिलपासून जवानाचे पार्थिव तिरंग्यात लपेटून त्याच्या गावी पोचविण्याची रीत पक्की झाली. सातारा-कोल्हापूरकडच्या खेड्यांत अशा दिवशी पंचक्रोशी लोटते. अलीकडे सैन्याच्या गाडीपुढे तिरंगे लावलेल्या मोटारसायकलींवरून तरुण मंडळी संथपणे चालताना दिसतात. त्यांना अमेरिकेतील स्वारांची वार्ता असेलच असे नाही. आदराला वाहन सापडले, इतकेच. परंतु ही गर्दी होते ती रणात पडलेल्या तरुणासाठी, आणि त्याच्या स्वतःच्या गावात. ज्याने तीस वर्षे नोकरी केली, दोन युद्धे पाहिली, आणि जो निवृत्त होऊन परमुलखात ऐंशीव्या वर्षी ज्येष्ठाच्या उन्हात मेला, त्याच्यासाठी चार खांदे जमविताना दूरध्वनी करावे लागतात.

सुभेदारसाहेबांच्या तेराव्याला मी गेलो होतो. मुलगा आला होता. त्याने विचारले, "तुम्ही बाबांना कुठून ओळखत होता?" मी म्हणालो, "ओळखत नव्हतो." तो काही वेळ गप्प बसला. मग आत जाऊन त्याने भिंतीवरून एक तसबीर काढून आणली आणि वडिलांची १९७१ मधली हकीगत सांगू लागला. काकूंनी चहा आणला आणि तो सांगताना चुकला तेथे दुरुस्त केले. ज्यांना मी खांदा दिला होता त्यांची ओळख मला अशी मागाहून झाली.

निघताना चिटणिसांनी मंडळाची एक जुनी वही पुढे केली. तिच्यात कोण केव्हा उपलब्ध असतो याची नोंद असते. नाव, पत्ता, दूरध्वनी, आणि शेवटच्या रकान्यात 'कामाच्या दिवशीही येऊ शकाल काय?' ही वही कोणत्याही नियमाने ठेवलेली नाही, तिची तपासणी होत नाही. पाने चाळली तर बदली होऊन गेलेल्यांची नावे खोडलेली आणि त्यांखाली नव्यांची लिहिलेली दिसली. वाचकहो, आपण जेथे असाल तेथील मंडळात अशी वही असेलच. नसेल तर एक आणावयास फार खर्च पडत नाही. मी माझे नाव घातले आणि शेवटच्या रकान्यात 'होय' लिहिले. रजेचा अर्ज त्या त्या वेळी करता येईल.